नदी ओलांडली आणि माझा भाव वाढला

२०२१ च्या एप्रिलमध्ये आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनचे घर सोडून पेनसिल्वेनियातल्या बक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) राहायला आलो. फर्निचर ट्रकने पुढे गेले आणि देव्हारा, पुरणयंत्र व तुळशीची कुंडी एवढा ऐवज घेऊन आम्ही दोघे गाडीने मागून निघालो. अंतर तासाभराचे, पण मध्ये डेलावेअर नदी आहे, आणि या नदीवरच्या टोलच्या पुलांची गंमत अशी की न्यू जर्सीत शिरायला पैसे पडत नाहीत, तेथून बाहेर पडायला पडतात. १७७६ च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने हीच नदी होड्यांतून, बर्फाचे तुकडे चुकवत, पेनसिल्वेनियाकडून न्यू जर्सीकडे ओलांडली आणि सकाळी ट्रेंटनमध्ये तळ देऊन बसलेल्या हेसियन भाडोत्री सैनिकांवर छापा घातला. आम्ही उलट दिशेने आलो, त्यामुळे इतिहास काही घडला नाही, टोल मात्र भरावा लागला.

त्या टोलच्या बदल्यात मला काय मिळाले, हे कळायला पुढची तीन वर्षे जावी लागली. मला अमेरिकेचे नागरिकत्व मिळून तेव्हा दहा वर्षे झाली होती. २०१२, २०१६ आणि २०२० या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत मी एडिसनमधून मत दिले होते, आणि त्या तिन्ही वेळा कोणत्याही पक्षाच्या एकाही माणसाने आमच्या दाराची घंटा वाजवली नव्हती. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेने निवडला जात नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक प्रतिनिधिमते आलेली असतात, आणि मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर राज्यात ज्याला एक मत जरी जास्त पडले, त्याच्या पदरात ती सगळी एकगठ्ठा पडतात. न्यू जर्सीची अशी चौदा मते आहेत आणि १९९२ पासून ती दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलेली आहेत. त्यामुळे डेमोक्रॅट आम्हाला घरजावई समजत, रुसला तरी जाणार कोठे. आणि रिपब्लिकन आम्हाला परक्या दावणीचे जनावर समजत, त्याला वैरण कोण घालणार. दोन्हीकडून निष्पन्न एकच होते: आम्हाला कोणी विचारत नव्हते, आणि हे किती सुखाचे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते.

पेनसिल्वेनियाचे तसे नाही. साठ-सत्तर लाख मते पडणाऱ्या या राज्यात २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प सुमारे ४४ हजारांनी जिंकले, २०२० साली जो बायडेन सुमारे ८० हजारांनी, आणि २०२४ साली पुन्हा ट्रम्प सुमारे १ लाख २० हजारांनी. तिन्ही वेळा ज्याने हे राज्य घेतले, त्यानेच व्हाइट हाउस घेतले. त्यातही आमची बक्स काउंटी म्हणजे कुंपणावर बसणाऱ्यांची पंढरी. २०२४ मध्ये ट्रम्प येथे अवघ्या काहीशे मतांनी पुढे गेले, आणि १९८८ नंतर रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवाराने ही काउंटी जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. मी स्वतः नदी ओलांडताना जसा होतो तसाच होतो, तेच दुखरे गुडघे आणि तीच अर्धवट पिकलेली मते घेऊन आलो होतो. पण पलीकडे ज्याच्या मताला कोणी हुंगत नव्हते, त्याच्याकडे आता देशातले सगळे बडे लोक डोळे लावून बसले.

त्या ऑक्टोबरात ते स्वतःच येऊ लागले. १६ तारखेला कमला हॅरिस वॉशिंग्टन क्रॉसिंगला, म्हणजे ज्या काठावरून वॉशिंग्टनच्या होड्या सुटल्या तेथेच, काही रिपब्लिकन मंडळींना शेजारी उभे करून संविधानाविषयी बोलून गेल्या. चारच दिवसांनी ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये अॅप्रन बांधून बटाट्याच्या फ्राइज तळायला उभे राहिले. दुकान त्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी बंद होते आणि खिडकीशी येणाऱ्या गाड्या आधीच पारखून घेतलेल्या होत्या. आपल्याकडे निवडणुका आल्या की नेते शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खातात. येथे नेता खात नाही, वाढतो. खाणारा आणि वाढणारा दोघेही नेमून दिलेले असतात, एवढे मात्र दोन्ही लोकशाह्यांत सारखे आहे.

खरा पूर आला तो फोनवर. मी नोकरी सोडली तेव्हा कंपनीचा फोनही परत करावा लागला होता, म्हणून बक्समध्ये आल्यावर २६७ ने सुरू होणारा नवा क्रमांक घेतला. नवा म्हणजे मला नवा. तो पूर्वी डेबोरा नावाच्या कोणा बाईंचा होता, हे मला दुकानदाराने सांगितले नाही, दोन राजकीय पक्षांनी सांगितले. २०२४ च्या उन्हाळ्यात एका दुपारी मेसेज आला, "डेबोरा, तुम्ही आम्हाला सोडून गेलात का?" मी दचकलो, इतक्या कातर सुरात माझ्याशी कोणी अनेक वर्षांत बोलले नव्हते. पाठोपाठ दुसरा आला की आज मध्यरात्रीपूर्वी दिलेल्या प्रत्येक डॉलरवर पाचपट भर घातली जाणार आहे. ही भर घालणारा दानशूर कोण, आणि एवढा पैसा गाठीशी असताना तो डेबोराच्या एका डॉलरसाठी का खोळंबला आहे, याचा खुलासा कोठेच नव्हता. सप्टेंबरपर्यंत दिवसाला दहा-बारा मेसेजांची सरासरी पडू लागली. काहींत धमकी असे, काहींत काकुळती, आणि काहींत केवळ एक प्रश्न असे, ज्याचे उत्तर 'हो' दिले की पैसे भरायचे पान उघडे.

प्रत्येक मेसेजच्या तळाशी लिहिलेले असते की नको असल्यास 'स्टॉप' असे कळवा. मी निमूटपणे कळवत गेलो. तो क्रमांक थांबे आणि दुसऱ्या दिवशी तोच मजकूर दुसऱ्या क्रमांकावरून येई. रक्तबीजाची कथा लहानपणी ऐकली होती, तिचा प्रत्यय यायला अटलांटिक ओलांडावा लागला. एकदा न राहवून मी लिहिले, "मी डेबोरा नाही." अर्ध्या मिनिटात उत्तर आले, "कळवल्याबद्दल आभार, डेबोरा!" विक्रेत्यांचे फोन नको असलेल्यांसाठी येथे २००३ पासून 'डू नॉट कॉल' नावाची सरकारी नोंदवही आहे. तिच्यात नाव घातले की गालिचे धुणारे आणि विमा विकणारे हटकायचे थांबतात, निदान कायद्याने थांबायला हवेत; राजकीय फोन मात्र तिच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. कुंपण घालणाऱ्यांनी स्वतःपुरती फट ठेवली, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; मीही ठेवली असती.

हळूहळू डेबोरा आमच्या घरातली व्यक्ती झाली. तिने कधी काळी एका पक्षाला थोडे पैसे दिले असावेत, दुसऱ्या पक्षाच्या मते ती डळमळीत असावी, तिला कुत्र्यांविषयी जिव्हाळा असावा आणि किराण्याच्या भावांनी ती बेजार असावी, इतके मला तिला कधी न पाहता कळले. संध्याकाळी फोन थरथरला की बायको आतून विचारी, "आज डेबोराकडे काय मागतायत?"

माणसाची इतकी बारीक चौकशी होते, तिला भांडवल फारसे लागत नाही. पेनसिल्वेनियात संपूर्ण राज्याची मतदारयादी वीस डॉलरांत मिळते. निवडणूक, राजकारण किंवा कायद्याची अंमलबजावणी यांच्याशी संबंधित कामाखेरीज ती वापरणार नाही, असे लिहून दिले की झाले. तिच्यात मतदाराचे नाव, पत्ता, जन्मतारीख, त्याने नोंदवलेला पक्ष आणि कोणकोणत्या निवडणुकांत त्याने मतदान केले याची जंत्री असते. कोणाला मत दिले हे गुप्त आहे; दिले की नाही हे जगजाहीर आहे. या यादीला खरेदीच्या, मासिकांच्या वर्गणीच्या आणि फोनच्या माहितीची ठिगळे जोडली की डेबोरा तयार होते. ठिगळ उसवले तर मी तयार होतो.

या जंत्रीचा एक उपयोग मला टपालाने कळला. ऑक्टोबरच्या मध्यावर एक पत्र आले. त्यात माझ्या मतदानाचा इतिहास छापून, मी शेजाऱ्यांच्या तुलनेत कसा आहे हे गुणपत्रिकेच्या थाटात सांगितले होते, आणि निवडणुकीनंतर पुन्हा पाहू असे सुचवले होते. हे कोणाच्या डोक्यातून निघाले असेल म्हणून मी थोडे वाचले. २००६ साली मिशिगनमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीआधी काही राज्यशास्त्रज्ञांनी हजारो घरांना निरनिराळी पत्रे पाठवून पाहिली होती. मत देणे हे कर्तव्य आहे अशा पत्राने फारसा फरक पडला नाही. पण ज्या पत्रात तुमची आणि शेजाऱ्यांची मागची हजेरी छापली होती आणि निवडणुकीनंतर सुधारित तक्ता सर्वांना पाठवू असे म्हटले होते, त्या पत्राने मतदान सुमारे ३० टक्क्यांवरून सुमारे ३८ टक्क्यांवर नेले. 'लोक काय म्हणतील' या शास्त्रावर आमच्या साताऱ्याच्या आजीने उभा संसार रेटला, आणि तिला एकही लिफाफा पाठवावा लागला नव्हता.

भावाचा आकडा मात्र मला इलॉन मस्क यांच्यामुळे कळला. त्यांच्या 'अमेरिका पॅक' या राजकीय समितीने संविधानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या दुरुस्तीला, म्हणजे भाषणस्वातंत्र्याला आणि शस्त्र बाळगण्याच्या हक्काला, पाठिंबा देणारा एक अर्ज काढला होता. चुरशीच्या राज्यांतल्या नोंदणीकृत मतदाराची त्यावर सही मिळवून देणाऱ्याला ४७ डॉलर मिळत; पेनसिल्वेनियासाठी हा दर काही दिवस १०० डॉलरांवर नेला होता आणि सही करणाऱ्यालाही १०० डॉलर ठेवले होते. म्हणजे न्यू जर्सीत शून्य, इतर अटीतटीच्या राज्यांत ४७ आणि नदीच्या या काठाला १००. कांद्याच्या लिलावातही इतका स्वच्छ दरफलक मी पाहिलेला नाही. त्यावर कडी म्हणजे सही करणाऱ्यांपैकी एकाला रोज दहा लाख डॉलर. हॅरिसबर्गच्या सभेत मस्क यांनी ही निवड कोणताही क्रम न लावता होईल असे जाहीर केले. फिलाडेल्फियाचे अभियोक्ता लॅरी क्रॅसनर ही बेकायदा लॉटरी आहे म्हणून न्यायालयात गेले, तेव्हा मतदानाच्या आदल्या दिवशी समितीच्या वकिलांनी सांगितले की विजेते नशिबाने ठरत नाहीत, समितीचे प्रवक्ते म्हणून ते आधी निवडलेले असतात. न्यायाधीशांनी योजना थांबवायला नकार दिला. सोडतीत फसवणूक झाली तर ती बेकायदा, हे मला माहीत होते. सोडतच नव्हती हा बचाव होऊ शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याच वर्षी महाराष्ट्रात 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये खात्यांत जमा होऊ लागले होते. आपल्याकडे निदान नाते तरी जोडतात.

बायको म्हणाली, "डेबोराच्या नावाने सही करून टाक." मी केली नाही, तिने तोपर्यंत केलेली असण्याची शक्यता होती.

आता ज्या मतासाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्याच्या पलीकडची गोष्ट सांगतो, कारण माझा या प्रकरणात एक हितसंबंध आहे आणि तो लपवणे बरे नव्हे. अमेरिकन माणूस अध्यक्षाखेरीज आणखी कोणाकोणाला निवडून देतो, याची आपल्या वाचकांना सहसा कल्पना नसते. आमच्या काउंटीत शेरीफ निवडून येतो, सरकारी वकील निवडून येतो, दस्तनोंदणी अधिकारी निवडून येतो. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर निवडून येतो आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असे नाही. 'प्रोथोनोटरी' नावाचा एक अधिकारी निवडून येतो. दिवाणी न्यायालयाची कागदपत्रे सांभाळणे हे त्याचे काम, म्हणजे जुन्या मराठीत ज्याला शिरस्तेदार म्हणत तो. शिरस्तेदाराच्या पदासाठी रस्त्याच्या कडेला रंगीत फलक लागतात, आणि त्यांच्यावरून दोन शेजारी आठवडाभर बोलत नाहीत, हे मी पाहिलेले आहे.

आमच्या टाउनशिपची करवसुली करणारी बाईसुद्धा निवडून आलेली आहे, आणि तिचे कार्यालय म्हणजे तिचे घर. पहिल्या वर्षी मी घरपट्टीचा चेक घेऊन बिलावरच्या पत्त्यावर गेलो तर समोर एक साधे दुमजली घर, पायरीवर भोपळा, आतून कुत्र्याचे भुंकणे, आणि दारात टपालासाठी पितळी फट. फटीवर चिकटवलेल्या कागदावर हाताने लिहिले होते की पावती हवी असल्यास स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत टाकावे. हजारो डॉलरांचा चेक त्या फटीतून आत सरकवून मी गाडीत येऊन बसलो, आणि एखाद्याच्या घरात चोरून काहीतरी टाकून आल्यासारखे मला बराच वेळ वाटत राहिले. आठवड्याने पावती आली. सहीखाली तिने "घरात स्वागत" असे लिहिले होते. या बाईला मत देताना मला आजवर एकही मेसेज आलेला नाही.

तर माझा हितसंबंध असा. पेनसिल्वेनियात मतदान केंद्रावरचे अधिकारीही निवडून येतात: एक प्रमुख, ज्याला 'जज ऑफ इलेक्शन' म्हणतात, आणि दोन निरीक्षक. मुदत चार वर्षांची. निरीक्षकासाठी प्रत्येकाने एकच मत द्यायचे. ज्याला सर्वाधिक पडतील तो पहिला आणि त्याच्या खालचा तो दुसरा, म्हणजे एका पक्षाच्या हाती दोन्ही पदे जाऊ नयेत. कल्पना शहाणपणाची आहे, अडचण इतकीच की दुसऱ्या जागेसाठी उभे राहायला कोणी मिळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या केंद्रात छापील उमेदवार एकच होत्या आणि त्यांना काहीशे मते पडली. मतपत्रिकेवर कोऱ्या ओळीवर हव्या त्या माणसाचे नाव लिहायची मुभा असते. डिसेंबरात मला काउंटीचे पत्र आले की माझे नाव लिहिलेली दोन मते पडली असून मी दुसरा निरीक्षक म्हणून निवडून आलो आहे, तरी पद स्वीकारत असल्याचे कळवावे. सोबत मोजणीचा तक्ता होता. बाकी नावांना प्रत्येकी एक मत होते, आणि त्यांत मिकी माउस होता. सार्वजनिक जीवनातला माझा एकमेव विजय हा असा, प्रतिस्पर्ध्याच्या दुप्पट मतांनी.

दोन आणि एक यांत केवढे अंतर आहे, हे मुंबईकरांना सांगायला नको. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांची मते बरोबरीत सुटली आणि चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. येथेही नियम तोच आहे. माझी मिकी माउसशी बरोबरी झाली असती तर काय, याचा मी विचार करत नाही.

समोरच्या घरात राहणारे निवृत्त प्लंबर, वय पंचाहत्तरच्या पुढे, वीस वर्षे हेच निरीक्षकाचे काम करून थकले होते. एक मत आपले, अशी कबुली त्यांनी बर्फ उपसताना दिली. "तुम्ही नीटनेटके दिसता," एवढेच कारण सांगितले. दुसरे माझे नव्हते. बायकोला विचारले तर ती म्हणाली, "मला काय वेड लागलंय? सकाळी सहा ते रात्री दहा तू घराबाहेर." नंतर पुष्कळ विचार केल्यावर हा नकार होता की हेतूची कबुली होती, हे मला सांगता येईना.

५ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे सगळ्या जगाचे लक्ष पेनसिल्वेनियाकडे लागलेले असताना, मी अशा रीतीने पहाटे सहाला स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये घडीची टेबले उघडत होतो. बंब बाहेर काढून ठेवले होते, तरी आत डिझेलचा आणि कॉफीचा मिश्र वास होता. सातला दार उघडले तेव्हा रांग पार्किंगला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेली होती, कारण अमेरिकेत मतदानाच्या दिवशी देशभर सुट्टी नसते आणि लोक कामावर जाण्यापूर्वी येतात. १८४५ साली हा मंगळवार ठरला तो शेतकऱ्यांच्या सोयीसाठी: रविवारी चर्च, सोमवारी घोडागाडीने तालुक्याच्या गावाकडे निघायचे, मंगळवारी मत. घोडे गेले, मंगळवार राहिला.

माझे काम नोंदवहीत नाव शोधून सही घेण्याचे. ओळखपत्र केवळ त्या केंद्रावर पहिल्यांदाच मत देणाऱ्याला दाखवावे लागते, बाकीच्यांना नाही, आणि हे लोकांच्या गळी उतरवताना माझा घसा बसला. दारूच्या दुकानात, विमानतळावर आणि ग्रंथालयात ओळखपत्र काढून काढून सवय झालेली माणसे येथेही लायसन्स पुढे करत, आणि मी "गरज नाही" म्हटले की एकजण खुश होई, दुसरा संशयाने पाही. "मग मीच मी आहे हे तुम्हाला कसे कळणार?" असे एका गृहस्थांनी विचारले. गेली काही महिने डेबोरा म्हणून वावरलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे क्रूर होते.

सही झाली की मतदाराच्या हातात कागदाची मोठी मतपत्रिका द्यायची, त्याने पेनाने गोल रंगवायचे आणि ती स्कॅनरच्या तोंडात सरकवायची. २००० साली फ्लोरिडात भोके पाडायच्या मतपत्रिकांनी घोळ घातला, ५३७ मतांनी अध्यक्ष ठरला, मग २००२ च्या कायद्याने केंद्र सरकारने पैसे देऊन जिकडेतिकडे यंत्रे बसवली, मग त्या यंत्रांवरचा विश्वास उडाला, आणि २०१८ साली आमच्या राज्याने कागदाचा पुरावा राहील अशीच पद्धत आणा असा आदेश काढला. आपण कागदाकडून यंत्राकडे गेलो, हे यंत्राकडून कागदाकडे आले, आणि दोन्हीकडे हरलेल्याची तक्रार सारखीच आहे.

टपालाने मत देण्याची मुभा येथे २०१९ च्या कायद्याने सर्वांना मिळाली, आणि तिला सोवळ्याचे नियम लागले. मतपत्रिका आधी आतल्या गुप्त पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, बाहेर सही आणि तारीख. आतले पाकीट राहिले तर मत बाद. अशा मताला येथे 'नागडे मत' म्हणतात. तारखेवरून खटले किती चालले, याची मोजदाद मी सोडली आहे. शिवाय मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी ही पाकिटे उघडायलाच मनाई आहे, म्हणून २०२० साली मंगळवारच्या मतदानाचा निकाल शनिवारी जाहीर झाला आणि त्या चार दिवसांत शंकेला भरपूर खतपाणी मिळाले. दुपारी एक बाई टपालाची मतपत्रिका परत करून केंद्रातच मत द्यायचे म्हणून आल्या. त्यासाठी बाहेरचे पाकीटही आणावे लागते आणि ते त्यांनी रद्दीत टाकले होते. त्या घरी गेल्या आणि चाळीस मिनिटांनी कॉफीचे डाग पडलेले, सुरकुतलेले पाकीट दोन बोटांत धरून परत आल्या. रांगेने टाळ्या वाजवल्या.

आमच्या नोंदवहीत तीन डेबोरा होत्या. १९५० च्या दशकात जन्मलेल्या मुलींचे ते लाडके नाव, त्यामुळे यात नवल नव्हते. पण दर वेळी सही घेताना माझी नजर वर जाई. पहिली नर्सच्या गणवेशात होती आणि घाईत होती. दुसरी नवऱ्याशी वाद घालत आली आणि सही करून वाद पुढे चालू ठेवत गेली. तिसरी आलीच नाही. तिच्या नावापुढची रेघ रात्री आठपर्यंत कोरी राहिली. देशभर इतक्या डेबोरा असताना ती हीच असेल असे मानायला काही आधार नाही, हे मला कळते. पण मतदानाची आठवण करून देणारे तिचे सगळे मेसेज माझ्या खिशात पडून होते, हेही खरे.

आठला दार बंद केले. स्कॅनरने बिलासारखी लांब पट्टी बाहेर टाकली, आम्ही सर्वांनी तिच्यावर सह्या केल्या आणि एक प्रत हॉलच्या दाराला बाहेरून चिकटवली. कोट्यवधी डॉलर, दोन सभा, शेकडो मेसेज आणि तळलेल्या फ्राइज या सगळ्यांतून आमच्या केंद्रापुरते जे निघाले, ते वीतभर रुंदीच्या त्या कागदावर होते. दुसऱ्या दिवशी फोन सकाळभर गप्प होता. अकराला थरथरला तो दाताच्या डॉक्टरांकडून, आणि त्यात माझे नाव बरोबर होते.

पंधरा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेसाठी मतदान झाले. धाकट्या भावाने साताऱ्याहून व्हिडिओ कॉल करून शाई लावलेले बोट कॅमेऱ्यासमोर नाचवले. "दादा, तुझं दाखव." मी कोटाच्या बाहीला अजून चिकटून राहिलेला 'मी मत दिले' असा गोल स्टिकर दाखवला. "हे तर कोणीही चिकटवेल," तो म्हणाला. मी त्याला ओळखपत्राचे सांगणार होतो, पण त्याला कामावर जायचे होते, किंवा नव्हते. त्याला सुट्टी होती.

२०२५ च्या नोव्हेंबरात माझी चार वर्षांची मुदत संपत आली होती. त्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांना ठेवायचे की काढायचे, यावर मतदान होते, आणि त्यासाठी डेबोराचा फोन पुन्हा महिनाभर तापला. तिघेही राहिले. मतपत्रिकेच्या अगदी तळाशी, निरीक्षकाच्या रकान्यात, पुन्हा एकच छापील नाव आणि खाली कोरी ओळ होती. मी कोणाला दिसू नये म्हणून थोडा वाकलो आणि समोरच्या प्लंबरसाहेबांचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले.

डिसेंबरच्या एका शनिवारी त्यांनी आमची घंटा वाजवली. हातात काउंटीचा लिफाफा होता. "दोन मते," ते म्हणाले. "एक तुझे, ते मला कळले. दुसरे कोणाचे?"

मी वळून स्वयंपाकघराकडे पाहिले. आतून मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला.